हळद लावलेली शिडी

दुधनी (सिल्वासा), घटस्थापनेच्या आधीचा रविवार

प्रिय प्रथमेश,

तुझा फोन आला की मी 'सगळं ठीक' म्हणते आणि ठेवून देते. बाबा शेजारीच बसलेले असतात आणि त्यांचे कान या वयातही भलतेच तिखट आहेत. म्हणून आज कागद घेतला. ते दाढी करायला गेलेत, तेवढ्यात लिहिते.

ठरलं ते तुला ठाऊकच आहे. दुधनीच्या धरणाच्या पाण्यातली आपली जुनी, राहती हाऊसबोट दिवाळीपर्यंत नीट करायची, वापीच्या गृहस्थांना दाखवून विकायची, आणि आम्ही दोघांनी बिऱ्हाड आवरून पुण्याला तुझ्याकडे यायचं. त्यांची अट एकच, छपरातून थेंबभरही पाणी आत येता कामा नये. बाबा कामाला लागले. जन्मभर कारखान्यात मेन्टेनन्स केलेला माणूस, त्याला काय सांगायचं! बाजूच्या कुजक्या फळ्या उपटून खानवेलहून नव्या आणल्या, फटींत सूत ठोकलं, वरून डांबर भरलं. छपराचे पत्रे बदलले. त्यांच्या सगळ्या कपड्यांना डांबराचा वास येतो, आणि खरं सांगू, मला तो आवडायला लागलाय.

पण छप्पर गळतंच. हा कोपरा बंद केला की तो कोपरा. बाबा म्हणायचे पत्र्यातच दोष आहे. मला पटेना. एकदा ते खानवेलला गेले असताना मी पदर खोचून स्वतः वर चढले. गळक्या कोपऱ्यातला पत्र्याचा बोल्ट जागेवर होता, पण त्याच्याखालची काळी रबरी वायसर, जी पाणी अडवते, तीच नव्हती! वायसर चोरून कोणी श्रीमंत होत नाही. म्हणजे ही चोरी नव्हे, हा कोणाचा तरी घात. बाबांना सांगितलं तर म्हणाले, बसवायची राहिली असेल. बाबांकडून, आणि राहिली! घरातल्या कुकरची शिट्टीसुद्धा वर्षातून दोनदा उघडून साफ करणारा माणूस हा. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

पहिला संशय अर्थातच कल्पेशवर. त्याची बोट आपल्या शेजारी लागते आणि घाटाच्या पायऱ्यांसमोरची मोक्याची जागा आपली आहे. आपलं गिऱ्हाईक पळालं तर बोट जागेसकट त्यालाच स्वस्तात मिळणार ना! मला बघितलं की लगेच, "काकी, टेन्शन नको, मी आहे ने!" इतकं गोड बोलणारा माणूस मला पचत नाही. मी त्याला येता-जाता बोल्टांबद्दल टोमणे मारले, तो बिचारा हसत राहिला. ते हसणंही मला संशयास्पद वाटलं. मग बायडाबाईला गाठलं. ती पायऱ्यांवर उकडलेल्या शेंगा विकत दिवसभर बसते, तिच्या नजरेतून काही सुटत नाही. तर ती म्हणते, "तुझा मानूस सोडून त्या छपरावर कोन चढतं?" मी चिडले. म्हटलं, हिलाही कल्पेशने फितवलंय.

तुला आठवतं, शाळेत तुझ्या सायकलची हवा रोज कोण सोडायचं ते मी कसं शोधलं होतं? व्हॉल्व्हला काजळ लावून. या वेळी हळद घेतली. आपली शिडी कारखान्यातल्यासारखी पिवळीजर्द, बाबांनीच रंगवलेली, त्यामुळे हळद दिसायची भीती नाही. तेलात कालवून शिडीच्या कठड्याला चोपडली आणि कोणाला, अगदी बाबांनाही, बोलले नाही. गुडघा दुखतोय, आज वर चढायचं नाही, असं ते सकाळीच म्हणाले होते. मी मुद्दाम बाजाराला गेले. परत आल्यावर कल्पेशचे हात निरखले, अगदी ज्योतिष्यासारखे पालथे-उताणे करून. स्वच्छ! बाबांची बोटं पिवळी होती, पण ते नुकतेच वरणभात जेवून उठले होते.

दुसऱ्या दिवशी धुणं काढलं. बाबांच्या सदऱ्याचा खिसा आतून पिवळा, आणि खिशात मूठभर वायसरी. सगळ्या पुसून, एका सुतळीत ओवलेल्या. पाण्यात भिरकावल्या असत्या तर मला जन्मात कळलं नसतं. पण कामाचा भाग फेकणं त्यांच्या हाताला ठाऊकच नाही.

मी मोरीतच बसून राहिले. आधी राग आला, खोटं कशाला बोलू? गुडघा म्हणे! मग गेल्या हिवाळ्यात तुझ्याकडे आलो होतो ते आठवलं. दोन दिवसांत त्यांनी घरातले सगळे नळ घट्ट केले, दारं कुरकुरायची थांबवली, आणि नंतर करण्यासारखं काही उरलंच नाही. रोज गॅलरीत उभं राहून खालच्या गाड्या बघायचे. धनश्रीने त्यांना काही कमी केलं नाही, उलट सून म्हणून सोन्यासारखी आहे, तिला तसं सांग. पण तिथे ते अर्धी पोळी खायचे रे. इथे छपरावरून उतरले की भाकरी मागून घेतात, ठेचा मागतात, माझ्याशी भांडतात. बोट दुरुस्त झाली की हे सगळं संपणार, हे त्यांना तुला सांगता येईना. आणि मला तर नाहीच, कारण पुण्याला जाऊया असा हट्ट मीच धरला होता. मला फार रडू आलं.

मी त्यांना काही विचारलं नाही. सदरा धुतला, इस्त्री केली, वायसरी होत्या तशा खिशात परत ठेवल्या. कल्पेशला खोबऱ्याच्या वड्या नेऊन दिल्या. का ते त्याला कळलं नाही.

तर पत्राचं कारण. दिवाळीत तू ये, धनश्रीला आण, पण वापीच्या गृहस्थांना आणू नकोस. छप्पर अजून गळतंय असं सांगून टाक. त्यात खोटं काही नाही. काल सकाळी सर आली आणि स्वयंपाकाच्या कोपऱ्यात टपटप सुरू झालं. बाबा वर बघतच राहिले, कारण तिथल्या बोल्टाला त्यांनी हात लावला नव्हता. आता त्यांचा कल्पेशवर संशय आहे, आणि माझ्या पदराच्या गाठीत एक वायसर.

गळक्या छपराखाली सुखात असलेली,
तुझीच,
आई