काचेतलं बाक

ता. १२, शुक्रवार

दादा,

आणि वर मलाच विचारतोस, तुझ्या का पोटात दुखतंय? दुखतंय. फोन तू मधेच तोडलास म्हणून लिहितोय. पत्रही अर्धंच वाचून बाजूला ठेवशील, पण निदान माझं बोलून तरी पुरं होईल. वहिनीला नमस्कार. तुझा शेवटी बघू, उरला तर.

वहिनीनं दुकानाचे फोटो पाठवले. बिचारीनं कौतुकानंच पाठवले. तिसरा मजला झाला, लिफ्ट आली, पडदे, गालिचे, दिवे, खोट्या फुलांच्या कुंड्या. पत्र्याच्या शेडमधून इथवर तू आणलंस, नाही कोण म्हणतं? घर त्यावर चालतं, बाबांची औषधं त्यावर चालतात. मी विसरायचं म्हटलं तरी दर फोनला तू आठवण करून देतोसच.

पण रस्त्याकडच्या काचेत बाबांचं कामाचं बाक ठेवलंयस. त्यावर फुलदाणी, फळी पकडायच्या शिकंज्यात मेणबत्ती, आणि दोऱ्यानं लटकवलेली किमतीची चिठ्ठी. ज्या बाकावर रंधा मारून मारून त्यांनी तुझी कॉलेजची फी भरली, त्याच्यावरच्या पटाशीच्या खाचांना पॉलिश मारून त्या तू लोकांना दाखवायला ठेवल्यास. शेजारी बाबा, खुर्चीत, इस्त्रीच्या सदऱ्यात, गिऱ्हाइकांनी नमस्कार करावा म्हणून. त्यांच्या गळ्यात चिठ्ठी अडकवायची तेवढी राहिली.

म्हणालास, त्यांना आता काम कुठं जमतंय, हात थरथरतात. अरे, चहाचा कप धरताना थरथरतात. रंधा धरला की थरथरत नाहीत. आई गेल्यापासून रोज दुपारी शेडमध्ये जाऊन एखादी फळी तासत बसायचे. कशासाठी नाही, नुसतीच. पायाशी ढलप्यांचा ढीग झाला की मग कुठं डोळा लागायचा. तू रोज तिथूनच ये-जा करायचास, तुला एवढं दिसलं नाही? शेड पाडलीस आणि गिऱ्हाइकांच्या गाड्या लावायला जागा केलीस.

घरचा नियम तरी आठवतो का? दुकानात खपलं नाही ते घरी यायचं. म्हणून आपण डुगडुगणाऱ्या टेबलावर जेवलो, आणि उलटं दार बसलेल्या कपाटात तू रोज बोट चेंगरून घेत मोठा झालास. मी तेवढंच म्हटलं, की बाक खपलं नाही तर नियमानं घरी आण. तर तू हसलास. हॉटेलवाला बघून गेलाय, त्याला ते गल्ल्याशेजारी ठेवायचंय, महिनाअखेरीला उचलणार. आणि मग ते तुझं वाक्य.

"एवढा पुळका आहे ना, मग घे विकत. घरच्यांना दहा टक्के सूट."

परवा वहिनीनं फोन बाबांकडे दिला होता. तुझ्याबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही. इकडं ऊन कसं आहे विचारलं. कारखान्यात मी सोफ्याला पाय बसवतो ते लाकडी असतात का, विचारलं. प्लॅस्टिकचे असतात. मी लाकडी म्हणालो.

"रंधा कुठं ठेवू रे?" म्हणाले.

उशाशी घेऊन झोपतात म्हणे, वहिनी सांगत होती. तुला माहीत असेलच, एका घरात राहता.

पुढच्या महिन्यात मला पंधरा दिवस रजा मिळालीय, इथं आल्यापासून पहिली. हे पत्र घेऊन येणारा रंगारी माझ्याच खोलीतला. आम्ही दोघं बरोबरच निघणार होतो. आता तो एकटाच पुढं होतोय, माझ्या तिकिटाच्या पैशांचं पाकीट घेऊन. भला माणूस आहे. चहा विचार, शोरूम दाखवत बसू नकोस.

बाक काचेतून काढ आणि बाबांच्या खोलीत खिडकीपाशी लाव. वरचं पॉलिश घासून टाक, नाहीतर फळी सरकेल. खोलीत भुसा होईल. वहिनी काही म्हणायची नाही, तू कुरकुरशील. कुरकुर. गिऱ्हाइकानं नेलेला माल त्यानं कुठं ठेवायचा, हे दुकानदारानं शिकवायचं नसतं.

हॉटेलवाल्याला सांग, विकलं गेलं. बाबांना मात्र हे सांगू नकोस. त्यांना म्हण, खपलं नाही म्हणून घरी आलं. आणि म्हण, धाकट्याला रजा मिळाली नाही.

पावती माझ्या नावानं फाड. सूट नको. नमस्कारही उरला नाही.

तुझं गिऱ्हाईक

सोबत पाकिटात, चिठ्ठीवर आहेत तेवढे पूर्ण: बावीस हजार पाचशे.