आईचा धवला आणि माझी सिस्टिम

२० एप्रिल, रविवार. सकाळी ९.
गाडी आली! अखेर! मुरबाडच्या एका फार्महाऊसवाल्या शेठकडून घेतलेली दोन दारांची लाल स्पोर्ट्स कार. चोवीस वर्षांची आहे, पण आख्ख्या शेणव्यात अशी दुसरी दाखवा. मागच्या सीटवर भाजीची पिशवी कशीबशी बसते. देवकीने नारळ फोडला आणि विचारलं, आवो, बाकीची मानसं कुठं बसवायची? बायकोला स्पोर्ट्स कळत नाही.

त्याच दिवशी, दुपारी २.
गाडीतला कॅसेटचा टेप चालतो! गावात चालणारा हा एकच. लगेच आईची कॅसेट घातली. आई म्हणजे रखमी धवलारीण. आजूबाजूच्या गावांतली किती लग्नं तिने धवले गाऊन लावली, गणती नाही. ही कॅसेट माझ्याच लग्नातली, १९९७ ची. आई जाऊन सोळा वर्षं झाली, आवाज एवढाच शिल्लक.
लेक स्नेहल शेजारी बसली होती. १३ मेला तिची हळद. म्हणाली, बाबा, मला बाकी काय नको, हळद लागताना आजीचा धवला वाजू दे. मी म्हटलं, वाजणारच! मग गाणं संपेपर्यंत तिला बेस, ट्रेबल, स्टिरिओ सगळं समजावून सांगितलं. ती मोबाईल हातात धरून बसलेली. हल्लीच्या पोरींचं लक्षच नसतं. दोनदा म्हणाली, बाबा, जरा गप ना.
कॅसेट आत अडकली आहे. किरकोळ.

२१ एप्रिल.
संकल्प: नवीन अँड्रॉइड स्टिरिओ. मोठा स्क्रीन. कॅसेटवरून पेनड्राइव्ह करून घ्यायचा. हळदीला गाडी मांडवाला लावायची, दोन्ही दारं उघडायची, आवाज थेट किन्हवलीपर्यंत.
देवकी म्हणाली, वाजतंय ना ते? मंग कशाला हात लावता? मुरबाडला गाड्यांची वायरिंग करणारा धाऊ म्हणाला, कुंडलिकदादा, गाडी आणा हितं, दोन तासाचं काम हाय. मी नुसता हसलो. आयटीआय वायरमन, १९९१, फर्स्ट क्लास! निम्म्या तालुक्यातल्या घरांत माझी वायरिंग आहे. गाडी म्हणजे काय, चाकांवरची एक खोली.

२६ एप्रिल.
पार्सल आलं. सोबत एक कागद, कुठली वायर कशाची ते. असले कागद नवशिक्यांसाठी. चहाच्या कपाखाली घेतला.
डॅशबोर्ड उघडला. दोन क्लिपा तुटल्या, त्या जास्तीच्याच होत्या. जुना टेप सुटेना म्हणून मागच्या वायरी पक्कडीने कापल्या. स्वच्छ काम.

२७ एप्रिल.
टेपमधून कॅसेट निघाली. रीळ आतच राहिलं.

दुपारी ४.
रीळ काढलं. शेवयांसारखं आलं, हातभर, हातभर. बरंच चुरगळलं, काही ठिकाणी तुटलं. चिकटपट्टी लावता येईल. सध्या बिस्किटांच्या डब्यात ठेवलं आहे. स्नेहलने विचारलं तेव्हा सांगितलं, प्रोसेसमध्ये आहे. जेवण गेलं नाही. ऊन फार आहे.

१ मे. सुट्टी.
वायरिंग. लाल फेज, पिवळी फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. हे मला झोपेतून उठवून विचारा. टेस्टर लावून बघितला, पेटला नाही. म्हणजे करंट नाही. निर्धास्त हात घातला. ठिणगी! फ्यूज गेला, मग हॉर्न, मग उजवा इंडिकेटर. टेस्टर बिघडला असणार. घरच्या बोर्डात पेटतो, तो भाग वेगळा.
लाल-पिवळी एकत्र पिळून सरळ बॅटरीला. हिरवी गाडीच्या बॉडीला, कडक अर्थिंग. माझ्या हातचं काम वर्षानुवर्षं हलत नाही.

३ मे.
स्क्रीन लागला! सगळ्यांना बोलावलं. शेजारच्या जनाकाकी पापड टाकून आल्या. चित्र झकास. आवाज नाही. थोडा जळका वास. नव्या वस्तूला येतोच. जनाकाकी म्हणाल्या, टीव्ही हाय का रं ह्यो? मंग मुका का?

४ मे. सकाळी ७.
बॅटरी बसली. किल्ली काढली तरी स्क्रीन रात्रभर चालूच होता. कंपनीने दमदार बनवलाय.

८ मे.
जीपच्या मागे बांधून गाडी धाऊकडे नेली. सल्ल्यासाठी नाही, सहज. त्याने तो कागद मागितला. चहाच्या डागाखालीच लिहिलेलं होतं. हिरवी म्हणजे मागच्या स्पीकरची वायर. ती बॉडीला लावली की आवाजाची आयसी जळते. पिवळी कायम चालू, लाल किल्लीवर. आणि बारा व्होल्टला घरचा टेस्टर पेटतच नाय, असं म्हणून धाऊ खाली बसून हसला. मग डोळे पुसत म्हणाला, दादा, जाऊ द्या, जुना टेप आणा, तोच बसवून देतो.
मी म्हटलं, बघू. टेप आहे. त्यात घालायला काय आहे?

११ मे.
डबा घेऊन शहापूरला स्टुडिओत गेलो. माणसाने झाकण उघडलं, बघितलं, हळूच परत लावलं. म्हणाला, काका, ह्याचं काय नाय होऊ शकत. एसटी स्टँडवर डबा मांडीवर घेऊन बसलो. दोन गाड्या सोडल्या. आई एकदा गेली होती, ती मी माझ्या हाताने परत घालवली. स्नेहलचा फोन आला, झालं का बाबा? म्हटलं, नव्वद टक्के.

१२ मे.
पाहुण्यांना चहाबरोबर द्यायला देवकीने बिस्किटांचा डबा उघडला.
चहा नुसताच गेला.

१३ मे. हळद. संध्याकाळी ५.
गाडी ढकलत मांडवापर्यंत आणली होती. दारं उघडी, आवाज नाही. मी गाडीच्या मागे उभा. स्नेहल शोधत आली. देवकीने तिला सांगितलं होतं. म्हणाली, बाबा, राहू दे, माझ्याजवळ हाय तो धवला. त्या दिवशी गाडीत मोबाईलवर घेतलेला. तुमी चांगला करून आणनार म्हणून बोलले नाय.
डीजेवाल्या प्रणयने मोबाईल जोडला. आख्ख्या मांडवात आई! आणि लगेच मी. हा बेस बघ. बेसच नाय! हे काय ऐकतेस? थांब, खरा आवाज काय असतो ते तुला मी ऐकवतो. पाच मिनिटांचा धवला, त्यात साडेचार मिनिटं मी.
हळद लावणाऱ्यांची रांग मोठी होती, म्हणून चार वेळा वाजवला. जनाकाकी आणि आईच्या वयाच्या भिमीमावशी मोबाईलमधल्या आईबरोबर गायच्या, माझं बोलणं आलं की थांबायच्या. तिसऱ्या वेळी पोरंटोरं माझी वाक्यं माझ्याबरोबर म्हणायला लागली. स्नेहल हसत होती आणि रडतही होती, हळद गालावरून ओघळत होती.
मधे एका जागी, बेस संपवून ट्रेबलकडे वळताना, मी श्वास घेतो. तेवढी एक ओळ पूर्ण ऐकू येते. त्यात आई माझं नाव घेते. लग्नात मी मांडवाची लाइट बघत फिरत होतो, तेव्हा ऐकलं नाही. गाडीतही ऐकलं नाही. आज चौथ्या वेळी ऐकलं.
देवकीजवळ गेलो. म्हटलं, आईने माझं नाव घेतलंय गो. ती म्हणाली, आवो, आपल्या लग्नात सात वेळा घेतलंय.
मला एकदाच सापडलं.