चिंगी तर दाराबाहेर जात नाही

३ फेब्रुवारी

पिसवा! त्याही बोईसरला, चौथ्या मजल्यावर! चिंगी कधी दाराबाहेर पडत नाही, मग आल्या कुठून? ललितच्या पायांवर गांध्या उठल्यात. "महिन्याभरात गेल्या नाहीत तर मांजर घरात दिसणार नाही," म्हणाला. माझा नवरा बोलतो तसं करतो, हीच पंचाईत.

आई म्हणाली, "राख चोळ तिला." गॅसच्या शेगडीला कसली राख! उमरोळीच्या आमच्या चिकूच्या वाडीत चूल विझली की आई मूठभर राख घेऊन मांजरींमागे धावायची आणि मी हसून हसून लोळायचे. काय दिवस होते!

४ फेब्रुवारी

चिंगीला घेऊन डॉक्टर मेघालीकडे गेले. शेपटीखाली तांदळाच्या कण्यांसारखं दिसतं ते विचारलं, तर जंत! चाटताना पिसू गिळली की होतात म्हणे. मानेमागे, जिथे जीभ पोचत नाही तिथे, दर महिन्याला औषध. वर जंतांची गोळी. अंथरुणं गरम पाण्यातून काढायची. "घरातल्या मांजरालाही लागतं हे. पिसवा माणसांच्या कपड्यांवरून येतात. दुसऱ्या मांजराला कुरवाळतं का कोणी?"

छे, म्हटलं, कोणी नाही.

५ फेब्रुवारी

गोळी सुक्या बोंबलात लपवली. बोंबील गट्ट — गोळी बशीत!

१९ फेब्रुवारी

औषध लावूनही परत पिसवा. ललित नुसता बघतो. मला रडू येतंय. वाडीतलं चिंगीशिवाय काय उरलंय माझ्याकडे? गेल्या वर्षी वाडी विकून आई चिंगीला घेऊन आमच्याकडे राहायला आली तेव्हा मी रडले, तर आईच खेकसली, "इकली ती इकली. मागं बघाचा नाय." तेव्हापासून तिच्यासमोर चिकूचं नावही काढत नाही. ती मात्र खुशाल रोज दुपारी भजनाला जाते!

चिंगीची आई तांबू त्या दिवशी टोपलीत शिरलीच नाही. तिकडेच राहिली. कशी असेल?

२२ फेब्रुवारी

आईचं लुगडं धुवायला घेतलं. मांडीच्या जागी तांबूस केस. चिंगी तर काळी कुळकुळीत!

भजनाला म्हणे.

२३ फेब्रुवारी

औषधाच्या दोन नळ्या आणल्या. एक चिंगीची, पुढच्या महिन्यासाठी. दुसरी आईच्या पिशवीत टाकली. "ही तांबूला."

आई पिशवीचे बंद ओढत बसली. डोळे भरले होते. मग म्हणाली, "येकटीला धरून देत नाय ती. उद्या चल माज्यासंगती."

२४ फेब्रुवारी

ललितला सांगितलं — आम्ही दोघी भजनाला जातो. पिशवीत परतताना बदलायचे कपडे घेतलेत.