वेगळा द्रोण

कर्वेनगर, पुणे
१८ जानेवारी

ती. आईस नमस्कार,

एकटीला मूल झेपेल का, असं तू विचारायचीस. झेपतंय. जाईला दत्तक घेऊन महिना झाला. खोकला गेला तिचा. आता माझ्या ताटातली पोळी हक्काने पळवते.

काल समोरच्या सुनीतीकाकूंच्या नातवाचं बोरनहाण होतं. आम्हाला आग्रहाने बोलावलं. बोरं वेचून झाल्यावर सगळ्या मुलांना स्टीलच्या वाटीत शिरा, एकट्या जाईला कागदी द्रोणात. मी बघत राहिले, तर काकू हळूच म्हणाल्या, "राग मानू नकोस गं, पण संस्थेतली पोर. कुणाची, कुठली, काय ठाऊक?"

रिटायर्ड मुख्याध्यापिका आहेत म्हणे! मला इतकी किळस आली, की माझा शिरा तसाच खाली ठेवला.

जाईला मात्र वाटलं, आपल्यालाच खास दिलाय. तिने तो द्रोण धुऊन खेळण्यांत ठेवलाय. मला तो बघवत नाही आणि टाकवतही नाही.

बाबांचे गुडघे कसे आहेत? होळीला आम्ही दोघी येतोय. माझ्या वाटीवर नाव घालून घेतलं होतंस, तशी एक जाईच्या नावाची करून ठेव.

आणि मागच्या दारातला तो कान तुटलेला कप आधी फेकून दे, भांडी घासणाऱ्या कौसाबाईंसाठी वेगळा ठेवलेला. जाई तो खास समजेल आणि त्यातच दूध मागेल. मग काय करशील?

तुझी,
ऋतुजा