फाट्यावरचा ओमकार

कडाव,
२१ नोव्हेंबर २०२३

चि. किशोर यास थोरल्या बहिणीचे, विनिताबायचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व खुशाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. फोन तू उचलत नाहीस. तुझ्या गव्हांकुराच्या रसाला मी पाहुण्यांसमोर गुरांचा चारा म्हटलं, तेव्हापासून. म्हणून हे पत्र गजाच्या टेंपोबरोबर पाठवते आहे. गजाला फोन उचलायचा नसला तरी टेंपो चालवावा लागतो.

आधी तक्रार. ती नीट बसून वाच. दिवाळीत घेतलेली माझी नवी पांढरी चादर तुझ्या शास्त्राला बळी पडली आहे. तुझा लेक ओमकार आमच्याकडे आला तो मातीचा डबा घेऊन, आणि पहाटे उठून पोटावर मातीची पट्टी ठेवून आज्ञाधारकपणे पडून राहिला. पट्टी घसरली. चादरीवर आता अख्ख्या जिल्ह्याचा नकाशा आहे. साबण झाला, सोडा झाला, लिंबू झालं. तुझे भाऊजी म्हणाले, "ऱ्हाऊ दे गं, खालापूर चांगला उमटलाय." जन्मभर चिखलात भात लावणाऱ्यांची आपण पोरं. चिखल बांधावरच सोडून, पाय धुऊन मगच घरात यायचं, हे आईने आपल्याला मारून मारून शिकवलं, आणि तू निसर्गोपचार केंद्र काढून तो पोटावर ठेवतोस आणि लोकांकडून फी घेतोस. आई असती तर तिने तुला बांधावर परत पाठवलं असतं.

दुसरं, तुझी ताडपत्री. आम्ही झोडणीला नेलेली ताडपत्री तू बायकोच्या, हर्षलाच्या तोंडून चार वेळा मागवलीस, ते माझ्या लक्षात आहे. पेंढा अजून खळ्यावर आहे आणि आभाळाचा भरवसा नाही. तिचं काय केलं ते शेवटी लिहिते.

भात बरं झालं. ओमकार मजेत आहे. हर्षला झोडणीच्या मदतीला थांबली आहे.

वरच्या तीन वाक्यांतलं पहिलं खरं आहे.

चिडू नकोस. म्हणजे चीड, पण वाचत राहा. झोडणी कधीच संपली. हर्षला पनवेलला इस्पितळात ओमकारच्या उशाशी बसली आहे. तो आमच्याकडे आला तो भात झोडायला आलाच नव्हता. बाईकवरून उतरला आणि पडवीत पोट धरून बसला. भाऊजींनी विचारलं, "काय रं, काय झाला तुला? तोंड लिंबासारखा पिवला पडलाय." तर म्हणतो, "काही नाही मामा, उन्हाने." नोव्हेंबरात! तरी दुसऱ्या पहाटे पट्टी ठेवली, नेमाने. मग दुपारी उलट्या सुरू झाल्या, आणि न्हाणीघरात मी जे रक्त पाहिलं ते पत्रात लिहीत नाही. गजाच्याच टेंपोतून नेलं त्याला. हर्षलाला मी वाटेतून फोन करून थेट पनवेलला बोलावलं आणि तुला झोडणीचं सांगायला लावलं. तेव्हा तुझ्याशी वाद घालायला माझ्याकडे वेळ नव्हता.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण बोलायला कडक. मला वाटलं होतं, निसर्गोपचार म्हटल्यावर हसतील. हसल्या नाहीत. म्हणाल्या, बाहेरचं खाणं बंद केलंत, झोपेची वेळ लावलीत, सिगारेट सोडायला लावलीत, हे सगळं चांगलंच केलंत, पुढेही करा. चूक झाली ती त्याच्या आधीच्या गोळ्या बंद करण्यात. क्रोन्सच्या या आजारात शरीर आपल्याच आतड्याला परकं समजून त्याच्याशी भांडतं. (आपल्या घरात हे समजावून सांगायला फार वेळ लागला नाही.) आतून सूज येते, जखमा होतात, आणि पोट दुखायचं थांबलं म्हणजे भांडण मिटलं असं नसतं. ओमकारचं आतडं एका जागी आकसून बोटाएवढं झालंय. त्या वाटेतून तू कच्ची मटकी, काकडी, कोंड्याची भाकरी आणि तुझा तो हिरवा रस पाठवत होतास. भाताच्या कोठारात जन्मलेला माणूस तू, पांढऱ्या भाताला विष म्हणालास. आणि इथे त्याच्या पोटात आज काही टिकलं असेल तर ती आईच्या पद्धतीची मऊ पेज, मिठाचा खडा घालून. ती औषध आहे असं मी म्हणत नाही. मी काही केंद्र काढणार नाही.

आता जे लिहायचं टाळत होते ते.

"एवढं दुखत होतं तर बापाला बोलला का नाहीस रे?" मी विचारलं. सलाईनच्या नळीकडे बघत म्हणाला, "आत्या, फाट्यावर माझा बोर्ड लागलाय गं."

किशोर, तो फ्लेक्सचा बोर्ड मीही रोज बघत होते. शाळेत शिकवायला जाता-येता. ओमकार हसतोय, हातात हिरवा पेला, आणि खाली 'क्रोन्सवर मात, निसर्गाची साथ'. मी त्यातल्या यमकाला हसायचे. पोरगा महिनोन् महिने त्या फोटोसारखा दिसायची धडपड करत होता, हे मला दिसलं नाही. तुझ्या केंद्रात येणाऱ्यांना तूच त्याला बोलावून दाखवायचास ना? "या, हा बघा माझा मुलगा." तो बाहेर येऊन हसायचा आणि मागे जाऊन आडवा व्हायचा.

हर्षलाला थोडं कळत होतं. ती तुला का बोलली नाही, ते तुझं तू तिला विचार, आणि या वेळी उत्तर पूर्ण ऐक.

सूज उतरायला एक इंजेक्शन द्यायचंय. ते लागू पडलं तर आतडं कापायची वेळ टळेल, नाहीतर तो आकसलेला तुकडा काढावा लागेल. उशीर चालणार नाही, असं बाईंनी स्पष्ट सांगितलंय. पोरगा सही करत नाही. एकवीस वर्षांचा आहे, त्याच्याऐवजी कोणी सही करू शकत नाही. म्हणतो, "मी इंजेक्शन घेतलं तर पप्पा खोटे पडतील. आधी बोर्ड उतरू दे."

म्हणून काल मी फाट्यावर गेले. भाऊजींनी शिडी धरली, मी सुतळ्या कापल्या. चहाच्या टपरीवरचा सदू ओरडला, "ओ बाई, निवडणूक लागली काय?" मी म्हटलं, "नाय रं, उमेदवार आजारी पडलाय." संध्याकाळी पनवेलला जाऊन ओमकारला सांगितलं, उतरला बोर्ड.

तो म्हणाला, "पप्पांनी काढला?"

पेज गार होतेय म्हणून मी विषय बदलला. तुला माहीत आहे, असं फारसं होत नाही.

तुझ्यावर राग आहे, भरपूर आहे, आणि तो चादरीपुरता नाही. पण ओमकारने मला हेही सांगितलं की ती माती तू कामगारांना देत नाहीस, स्वतः चाळतोस, त्याच्या पोटाला खडा टोचू नये म्हणून. ते ऐकल्यावर मी ती चादर धुणं थांबवलं. तेव्हा ये. तुला हरवायला बोलावत नाही. तुझं पथ्य घेऊन ये, तुझी झोपेची वेळ घेऊन ये, मातीचा डबा तेवढा घरी ठेव. आणि त्याला तुझ्या तोंडाने सांग की बोर्ड तू काढलास. मी सुतळीबद्दल कुठे बोलणार नाही. भाऊजी बोलणार नाहीत. सदूचं मी बघून घेते.

गजा पत्र देऊन तिथेच थांबेल. त्याच टेंपोत बस.

तुझी ताडपत्री त्याच्याबरोबर पाठवली आहे. धुतली, उन्हात वाळवली, एका कोपऱ्याला उंदराने कुरतडलं होतं तिथे ठिगळ लावलं. पेंढ्यावर आता तुझा बोर्ड घातलाय. ओमकारचा चेहरा आतल्या बाजूला केला आहे, उन्हाने उडू नये म्हणून.

तुझी,
बाय