काचेवर न पसरलेले थेंब

राजाजीनगर, मंगळवार संध्याकाळ

थेंब का पसरत नव्हते ते आज कळलं. चूक माझीच निघाली.

आमच्या लॅबच्या प्रिंटरमधून शाईचे केसाहून बारीक थेंब काचेवर पडतात. काच स्वच्छ असेल तर ते पसरून एकमेकांना मिळतात आणि वाळल्यावर सलग रेघ उरते. गेले तीन आठवडे मात्र ते सुटे सुटेच वाळत होते. काचा धुण्याचं काम माझ्या विद्यार्थिनीचं, काव्याचं. शुक्रवारच्या मीटिंगमध्ये मी तिला सगळ्यांदेखत म्हटलं, "साधी काच धुता येत नाही, पीएचडी कशी करणार?" ती गप्प बसली.

आज काचा मी स्वतः धुतल्या, तरी तेच. मग लक्षात आलं. थंडीत हात फुटतात म्हणून मी क्रीम लावते, त्याच हातांनी ग्लव्ह्ज ओढून चढवते, आणि प्रिंटरमध्ये काचा मीच ठेवते. तेलकट बोट लागलं की थेंब कसला पसरतोय!

काव्याला केबिनमध्ये बोलावून सॉरी म्हटलं. "सरी, मॅडम," ती म्हणाली, कन्नडमधलं 'ठीक आहे'. मग हळूच, "मीटिंगमध्येपण सांगाल ना?"

मी म्हटलं, "बघू."

बघू काय? बोलताना सगळे समोर हवे होते, माफी मागताना मात्र दार लावून घेतलं. आणि ती गप्प बसली तेव्हा मला वाटलं, चूक कबूल आहे.

शुक्रवारपर्यंत थांबले तर मला एखादी सबब नक्की सापडेल. म्हणून आत्ताच सगळ्यांना मेल केला: चूक माझी होती, आणि काव्याचं नाव घेऊन तिची माफी. पाठवला आणि लॅपटॉप मिटला. उत्तरं वाचायचा धीर नाही झाला.