तव्याचा घसारा

आये, आज गॅरेजात मालकाचा मुनीम जुन्या ट्रकची किंमत काढत बसला होता आणि मध्येच म्हणाला, "घसारा वजा करा." मला जे हसू फुटलं ते आवरेचना. मुनीम चष्म्यावरून बघत राहिला. त्याला काय समजावणार, म्हणून तुला लिहितो. तुला जाऊन किती वर्षं झाली, आणि वाचता तर तुला तेव्हाही येत नव्हतं. असू दे. सध्या नाशकात आहे. इथलं पाणी गोड आहे, पण तांदूळ आपल्याकडच्यासारखा नाही. हे उगाच सांगितलं.

पनवेलच्या मोटारस्टँडच्या कडेला तुझी चूल होती, माडाच्या झापांच्या मांडवाखाली. गवताची लॉरी मागे घेताना मागे कुणी बघायला उभं केलं नाही आणि लॉरी सरळ मांडवात घुसली. तू पाण्याला गेली होतीस म्हणून वाचलीस. मांडवाचे आणि मडक्यांचे पैसे लॉरीवाला मुकाट द्यायला तयार होता. अडलं ते तव्यावर. बिडाचा तवा, पडला आणि दोन तुकडे झाले. तो म्हणाला, जुना होता, भंगाराचा भाव देतो. तू म्हणालीस, "भंगार तुजी लॉरी!" रोज सकाळी तुझ्याकडे घावन खाणारे वकीलसाहेब होते ना, ते म्हणाले, "बाई, नुकसान माझंही झालंय. दावा मी लावतो, फी नको." काय छत्री होती त्यांची, मूठ पोपटाच्या तोंडाची. मला ती फार आवडायची.

मी तेव्हा उरणला मिठागरात होतो. त्याआधी कुठे होतो ते आता आठवतही नाही. तुझ्या तारखेसाठी म्हणून आलो, म्हटलं दोन दिवस राहू. कोर्टात तू पिंजऱ्यात उभी आहेस, डोक्यावर पदर, आणि लॉरीवाल्याचा वकील सांगतोय, "साहेब, तवा कैक वर्षं वापरलेला. नव्याच्या किमतीतून घसारा वजा केलाच पाहिजे." तुझं तोंड लालबुंद होतं. तू कठडा धरून पुढे वाकतेस. "घासला? कुनी घासला? आमी कंदी घासला नाय! बिडाचा तवा कोन घासतंय? तुमचे घरान घासत आसतील, म्हनून तुमी आसं सुकलेलं!" सगळं कोर्ट हसतंय. आपले वकीलसाहेबसुद्धा रुमालात तोंड घालून. तुला कळत नाही की तुझं काय चुकलं, आणि तू अजूनच तापतेस.

न्यायाधीश मात्र हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "का नाही घासत?" मग तू सांगितलंस, जसं शेजारणीला सांगावं तसं. नवा तवा आणला की त्याला घावन चिकटतं, फाटतं, रोज कांद्याने तेल चोळायचं, पुसायचं, घासायचं नाही. पावसाळा जातो तेव्हा कुठे तो काळाभोर होतो आणि घावन सुटायला लागतं. "तवर गिराईक थांबंल काय, सायेब?"

निकाल लागला. नव्या तव्याची पुरी किंमत, घसारा नाही. पण तवा मुरेपर्यंतच्या दिवसांचं काही नाही. बाहेर व्हरांड्यात वकीलसाहेबांनी समजावलं की कोर्ट वस्तूची किंमत देतं, ती हाताला रुळण्याची नाही. तू म्हणालीस, "म्हंजे तवा दिला, पन माजा तवा नाय दिला." आणि पदराच्या गाठीत पैसे बांधून चालू लागलीस.

त्या पैशांचा नवा तवा आला, आणि मग ते दिवस. गिऱ्हाईक शेजारच्या भज्यांकडे वळलं. दुकान राहतं की जातं, असं झालं. तू सकाळी घावन घालायचीस, उलथनं खाली सारायचीस, आणि चिंध्या निघायच्या. विकायच्या कुणाला? मी पुढ्यात बसलेलो. "पोटान दुकंल रं," म्हणायचीस. मी म्हणायचो, भूक आहे. तू पोळलेली कड मोडून वर गूळ ठेवायचीस आणि बोलत बसायचीस, तुझ्या माहेरच्या खाडीचं, बापाचं, कधी न बोललेलं. एरवी तुला बसायला वेळ कुठे होता? गिऱ्हाईक नव्हतं म्हणून.

एक दिवस अख्खं, जाळीदार घावन आपणहून सरकलं. "बग, बग, सुटलं!" तू केवढ्याने ओरडलीस. वकीलसाहेबांना पहिली थाळी गेली. लोक परत आले. त्याच आठवड्यात मी चिपळूणकडे निघून गेलो, तुला वाटलं नेहमीसारखा पाय वळवळला म्हणून. तू गावभर सांगायचीस की पोरगं माझ्या अडचणीला थांबलं.

हा कागद कुठल्या पेटीत पडणार नाही, तेव्हा लिहून टाकतो. रोज सकाळी तू तव्यावर पीठ सोडायचीस आणि हात जोडायचीस ना, तेव्हा मी पुढ्यात बसून मनात म्हणायचो, आजही चिकटू दे.